शहादा ते जिनिव्हा, व्हाया अँटॉप हिल

"ताई, नमस्कार. मी शहाद्याची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, मग धुळ्याला एलएल.बी. सनद मिळून दोन वर्षं झाली. नंदुरबारला एका सिनिअरांकडे ज्युनिअर आहे. दिवसभर अपघाताचे क्लेम, वाटणीचे दावे, तारखा आणि झेरॉक्स. वडील धडगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे लहानपण तिकडेच गेलं, तिथली आदिवासी भाषा पावरी बोलता येते. तिथली माझी एक वर्गमैत्रीण दोन वर्षांपूर्वी टीबीने गेली. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी. घरचे मजुरीला गुजरातेत जायचे, औषध मध्येच तुटायचं. ती गेल्यापासून मी मिळेल ते वाचतेय. मला 'ग्लोबल हेल्थ इक्विटी'मध्ये, म्हणजे औषधोपचार गरजेप्रमाणे सगळ्यांपर्यंत पोचावेत या कामात, वकील म्हणून उतरायचंय. वडील म्हणतात जज्जची परीक्षा दे. सिनिअर हसले आणि म्हणाले, असल्या वकिलीत पक्षकार कोण आणि फी कोण देणार? परदेशात जाऊन एलएल.एम. करू का? नंदुरबारात बसून जागतिक काम होतं का? की मी नुसतीच स्वप्नं बघतेय? – शहाद्याची एक लेक"

लेकी,

मीही वकीलच, धुळ्याची, त्यामुळे तुझ्या सिनिअरांचा प्रश्न मला आवडला. पक्षकार कोण आणि फी कोण देणार, हे वकिलाने विचारायलाच हवं. फीचं नंतर बघू, आधी पक्षकार कोण ते सांगते.

तुझ्या मैत्रिणीच्या आजारावरचं बेडाक्विलिन हे औषध तुझ्या वाचनात आलंच असेल. अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात त्याला मान्यता मिळाली. टीबीवर चाळीसेक वर्षांत असं नवं औषध आलं नव्हतं. त्याआधी या रुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शनं टोचायचे, आणि त्या इंजेक्शनांपायी कित्येकांचे कान जायचे. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या क्षारावर, म्हणजे फ्युमरेट सॉल्टवर, आणखी एक अर्ज टाकून ठेवला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ मध्ये दोन मुलींनी या अर्जाला हरकत घेतली. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, दुसरी दक्षिण आफ्रिकेतली फुमेझा तिसिले. दोघी टीबीतून उठलेल्या, आणि उपचारांत दोघींचेही कान गेलेले. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने जाहीर केलं की १३४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत या औषधाची पेटंटं आम्ही बजावणार नाही. त्यामागे जगभरातून आलेला बराच दबाव होता, एकट्या त्या निकालाचं ते श्रेय नाही. पण तो निकाल त्यात होता.

हे सगळं घडलं कुठे, तर मुंबईच्या पेटंट कार्यालयात. अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात. नंदुरबारला रात्री खान्देश एक्स्प्रेसमध्ये बसलीस तर सकाळी चहाच्या वेळेला तू मुंबईत असतेस. स्वस्त औषधं भारतात बनून जगभर जातात, म्हणून केप टाउनच्या वस्तीतल्या मुलीचं औषध स्वस्त होणार की नाही, हेही बरंचसं मुंबईतल्या त्या एका फाईलवर अवलंबून होतं. आणि ती हरकत घ्यायला त्या दोघींना कोणत्या पदाची, कोणत्या संस्थेच्या शिक्क्याची गरज पडली नाही. पेटंट कायद्याचं कलम २५(१) काढून बघ. पेटंट मिळण्याआधी हरकत कोण घेऊ शकतं? 'कोणतीही व्यक्ती'. एवढे दोनच शब्द आहेत. माझ्या मते आपल्या आख्ख्या कायद्यातले हे सर्वांत उदार दोन शब्द असावेत. (२०२४ च्या नियमांनी त्याला फी लावली आणि हरकत दाखल करून घ्यायची की नाही हे आधी पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरने ठरवायचं, असं केलं. दार थोडं लोटून घेतलंय. बंद केलेलं नाही.)

तू बी.एस्सी.ला सॉल्ट ॲनालिसिस केलंच असशील. किप्स ॲपरेटसचा तो कुजक्या अंड्यांचा वास अजून नाकात असेल. तेव्हा वाटलं असेल, आयुष्यात याचा उपयोग काय? आपल्या पेटंट कायद्यात २००५ च्या दुरुस्तीपासून कलम ३(ड) असं सांगतं की माहीत असलेल्याच पदार्थाचा नुसता नवा क्षार किंवा नवं स्फटिकरूप काढलं तर तेवढ्यावर पेटंट नाही. गुण लक्षणीय वाढला असेल तर तो दाखवा. आणि औषधाचा गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. ओलावा कमी धरतं, साठवायला सोपं, असलं चालणार नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात सांगितलं. तिथे औषध होतं रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर, आणि तेच औषध भारतीय जेनेरिकमध्ये आठ-दहा हजारांत. हरकत घेणाऱ्यांत मुंबईतली कर्करुग्णांची एक संस्था होती.

हे वाद कोर्टात वकील मांडतो, पण 'हा क्षार आणि तो क्षार यात रोग बरा करण्यात फरक काय' हे ज्याला केमिस्ट्री कळते तोच आधी कागदावर उतरवू शकतो. पेटंट कार्यालयापुढे बाजू मांडतो तो पेटंट एजंट, आणि त्याच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी लागते. तुझ्या सिनिअरांना ती परीक्षा देता येणार नाही आणि मलाही येणार नाही, मी बी.ए. इतिहास. तुला येईल. तुझ्या पत्रात केमिस्ट्रीचा उल्लेख एका ओळीत उरकला होतास, जणू ती वाट चुकून घेतलेली होती. ती ओळ मी लाल शाईने अधोरेखित करून ठेवली आहे.

आता तुझा तो इंग्रजी शब्द. 'इक्विटी'ला मराठीत समता म्हणावं तर ती 'इक्वालिटी' होते, समन्याय म्हणावं तर दिवाणी कोर्टातलं कलम वाटतं. शब्द राहू दे, तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि आदिवासी व डोंगरी भागात २०,००० मागे एक. उपकेंद्र इकडे ५,००० मागे, तिकडे ३,००० मागे. हा फरक ज्याने कुणी पहिल्यांदा लिहिला त्याला तुझा शब्द कळला होता. सगळ्यांना सारखं दिलं तर धडगावला कमी पडतं, म्हणून धडगावला जास्त. पण तू तिकडे वाढलीस, तुला हेही माहीत आहे की शहाद्याचे २०,००० आणि सातपुड्यातले २०,००० एक नाहीत. तिथे ते डोंगराडोंगरावर पाड्यापाड्यांत पसरलेले. झोळीत घालून बाई खाली आणायची म्हणजे किती तास, ते कागदावरच्या लोकसंख्येत येत नाही. नर्मदेच्या काठाला तर दवाखाना नावेत ठेवावा लागला. निकष पाळला गेला तरी माणूस औषधापर्यंत पोचत नाही, ही जी फट राहते तिथे वकिलाचं काम सुरू होतं.

माझ्यापुरतं हे काम २००२ साली सुरू झालं. धुळे तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा ट्रकवर होता, एचआयव्हीने गेला, तिलाही लागण. दिरांनी घराबाहेर काढलं होतं. माझं काम घराच्या वाट्यापुरतं. पण बोलता बोलता तिने औषधाचं विचारलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, सिप्लाचे युसुफ हमीद यांनी एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्याही आत, देऊ केला होता. तोवर पाश्चात्त्य कंपन्या त्यालाच दहा-पंधरा हजार डॉलर घेत होत्या. आफ्रिकेतले लोक त्या बातमीने रस्त्यावर नाचले असतील. आणि इथे, औषध बनवणाऱ्याच देशात, ही बाई दिवसाचे तेवढे पैसे कुठून आणणार? रोजंदारीच तेवढी नव्हती. मी तिला बातमी सांगितली, मोठ्या उत्साहाने. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दवाई शे व ताई, पन आमनासाठे नई शे." सरकारने मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून द्यायला सुरुवात केली, तीही आधी मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. तोवर ती राहिली नाही. घराचा दावा मी जिंकले होते.

म्हणून तुझ्या सिनिअरांना सांग, पक्षकार आहेत. पुष्कळ आहेत. वकीलपत्रावर सही करायला ते तुमच्या टेबलापर्यंत येत नाहीत, एवढंच.

यापुढचं नीट वाच, कारण तुझ्या वयात मी इथेच आपटले होते. त्या बाईनंतर मला वाटलं, एकेक पक्षकार करून काय होणार, मोठं काहीतरी करू. मी सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रांतल्या रिकाम्या पदांवर जनहित याचिका तयार केली. आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे येतात, तिथे दाखल केली. भाषा अशी झाली होती की वाचून माझेच डोळे पाणावले. आंतरराष्ट्रीय करार, जागतिक आरोग्य संघटनेची घटना, संविधानाचं कलम २१, कलम ४७, सगळं. आणि पुरावा म्हणून? वर्तमानपत्रांची कात्रणं, पानं ११ ते ४३. पहिल्याच तारखेला न्यायमूर्तींनी शांतपणे विचारलं, "मॅडम, यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंय?" मी एकदाही तोरणमाळच्या पुढे गेले नव्हते. नीट माहितीनिशी पुन्हा यायची मुभा ठेवून याचिका मागे घेऊ दिली, ही त्यांची मेहेरबानी. परतीच्या एसटीत चाळीसगावपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

मग मी जायला लागले. नशिबाने वेळ चांगली होती. २००७ मध्ये आरोग्य सेवांवर लोकांनीच देखरेख ठेवायचा प्रयोग महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत सुरू झाला आणि नंदुरबार त्यातलं एक होतं. गावाने आपल्या उपकेंद्राला गुण द्यायचे, मग जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकारी समोर बसवून विचारायचं. तिथे मी वकिली नव्याने शिकले. एक आजीबाई उठली आणि तिने पिशवीतून बाहेरच्या चिठ्ठ्या काढल्या, डॉक्टरांनी बाहेरून आणायला लिहून दिलेल्या औषधांच्या. चौदा चिठ्ठ्या, तारखांसकट. माझ्या ४३ पानांपेक्षा त्या चौदा कपट्यांत जास्त कायदा होता. डॉक्टर तरुण होता, खाली मान घालून म्हणाला की पुरवठाच आला नाही, मी काय करू, स्वतःच्या खिशातून किती आणू? तोही खरं बोलत होता. मी त्याच्यावर चिडायच्या तयारीने गेले होते आणि तोच माझा उत्तम साक्षीदार निघाला. दुसऱ्या खेपेला गोषवारा दीड पानाचा होता आणि बाकी सगळी माहिती अधिकारातली उत्तरं, साठा रजिस्टरच्या नकला आणि पाड्यांवरच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं. सरकारला उत्तर द्यावं लागलं, दोन पदं भरली गेली. वर्षाने त्यातला एक डॉक्टर बदली करून घेऊन गेला. विजय कसा दिसतो म्हणशील तर साधारण असा दिसतो.

त्या प्रतिज्ञापत्रांसाठी मला दुभाषी लागायचा. बायका त्याच्याशी तीन मिनिटं बोलायच्या आणि तो मला एक वाक्य सांगायचा. उरलेली अडीच मिनिटं कुठे गेली, हे मला आजवर कळलेलं नाही. तुला पावरी येते. हे तू पत्रात वडिलांच्या नोकरीच्या ओघात लिहून गेलीस. अगं, जिनिव्हात, जिथे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक व्यापार संघटना बसतात, तिथल्या कुठल्याही दालनात असा वकील नाही.

जिनिव्हाकडे मी नाक मुरडतेय असं समजू नकोस. तिथे जे ठरतं ते इथवर येतं. इंडोनेशियाची गोष्ट तुला माहीत हवी. बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने तो देश नियमाने जागतिक आरोग्य संघटनेला देत होता. त्या नमुन्यांवरून परदेशी कंपनी लस बनवतेय आणि ती आपल्याला परवडणार नाही, हे लक्षात आल्यावर २००७ मध्ये त्यांनी नमुने देणंच थांबवलं. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको. अमेरिकेत यादवी चालली होती तेव्हा खान्देशचा कापूस गाड्या भरभरून मुंबईला आणि तिथून विलायतेला जायचा, आणि कापड तिकडून यायचं. इंडोनेशियाच्या त्या भांडणातून २०११ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या नमुन्यांसाठी एक करारनामा झाला: नमुने घ्याल तर लशीत वाटाही द्याल. कोविडमध्ये पुन्हा तोच घोळ झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने पेटंटचे नियम तात्पुरते बाजूला ठेवा अशी मागणी जागतिक व्यापार संघटनेत केली, आणि जून २०२२ मध्ये हाती आलं ते लशींपुरतं, तेही कापून छाटून. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथीचा करार स्वीकारला. त्यात सहभागी कंपन्यांनी महासाथीत उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंत लस-औषधं जागतिक आरोग्य संघटनेकडे उपलब्ध करायची, त्यातली किमान निम्मी दान म्हणून, असं कलम आहे. पण नमुने कुणी कसे द्यायचे आणि मोबदला कसा मिळायचा, हा खरा कळीचा तपशील पुरवणीवर आणि पुढच्या वाटाघाटींवर ढकलला. हे असलं प्रत्येक स्वल्पविराम मोजून लिहिणारे वकीलच असतात, आणि श्रीमंत देशांच्या बाजूला ते जास्त असतात.

पण तिथलं दुसरंही एक ध्यानात ठेव. जागतिक व्यापार संघटनेच्या २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात सगळ्या देशांनी मान्य केलं की पेटंट लोकांच्या आरोग्याच्या आड येऊ द्यायचं नाही. ज्या देशात औषध कारखानाच नाही त्याने बाहेरून जेनेरिक कसं आणायचं, याचीही पुढे रीतसर सोय केली. त्या सोयीने औषध पोचलं ते एकदाच, कॅनडातून रवांडाला, २००८ मध्ये. कागद इतके गुंतागुंतीचे की पुन्हा कुणी त्या वाटेला जाईना. पुस्तकात ही सोय वाचून मला फार आनंद झाला होता. तुझ्यासारखीने तो मसुदा लिहिताना तिथे असायला हवं होतं, जिने औषधाची पेटी डोंगरावर चढताना पाहिली आहे. पण त्यासाठी आधी ती पेटी नीट बघायला हवी.

तेव्हा एलएल.एम. कर, पण आत्ता नाही. आत्ता गेलीस तर तू तिथे जमलेल्या चाळीस हुशार मुलांतली एक असशील. तीन वर्षांनी, हातात दोन-तीन खरी प्रकरणं आणि एखादी पेटंट-हरकत घेऊन गेलीस तर तुझे प्राध्यापक तुला प्रश्न विचारतील. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात जागतिक आरोग्य कायद्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, जिनिव्हाच्या ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटबरोबर त्यांनी जोड अभ्यासक्रमही चालवला आहे. खर्च अफाट आहे, शिष्यवृत्तीशिवाय विचार करू नकोस. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूला तीन. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी राज्य आणि केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, तुला लागू असतील तर जिल्ह्याच्या कार्यालयात चौकशी कर. जमीन विकून जाऊ नकोस. हे मी ओरडून सांगतेय असं समज.

आणि हे करिअर तरी आहे का, हा तुझा प्रश्न. ॲड. आनंद ग्रोव्हरांची वाट बघ. १९८१ मध्ये त्यांनी आणि इंदिरा जयसिंग यांनी मुंबईत लॉयर्स कलेक्टिव्ह सुरू केलं. एचआयव्ही असल्यामुळे कामावर घेतलं नाही अशा एका रोजंदारी मजुराची केस या मंडळींनी मुंबई उच्च न्यायालयात लढवली आणि १९९७ मध्ये जिंकली. ग्लिव्हेकच्या खटल्यात कर्करुग्णांच्या संस्थेतर्फे सर्वोच्च न्यायालयात ग्रोव्हरच उभे होते. २००८ ते २०१४ ते आरोग्याच्या हक्कासाठीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे देशोदेशींची स्थिती तपासून अहवाल देणारे तज्ज्ञ, होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचा मूळ मसुदाही याच गटाचा, आणि तो संसदेतून बाहेर पडायला दशकाहून जास्त काळ गेला. मजूर आधी आला, संयुक्त राष्ट्रं नंतर. सगळ्यांना हे जमेल असं नाही, मला जमलं नाही. पण क्रम बघ.

आता फी. सिनिअर ज्युनिअरला काय देतात हे तू मला सांगायला नकोस आणि मी तुला. अपघाताचे क्लेम सोडू नकोस. पोट त्यावर चालेल हे एक, आणि दुसरं म्हणजे ज्याला तू झेरॉक्स म्हणतेस ते आरोग्य-वकिलीचं उत्तम शिक्षण आहे. डिस्चार्ज कार्ड वाचता येणं, केसपेपरवर वेळ कुठे खाडाखोड केली आहे ते दिसणं, अपंगत्वाचे टक्के कसे काढले हे डॉक्टरांना उलटतपासणीत विचारणं. मोठमोठ्या परिषदांना जाणाऱ्या कित्येक विद्वानांना साधं इंज्युरी सर्टिफिकेट वाचता येत नाही. जोडीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाल. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणजे तुझ्या जिल्ह्यात जवळपास सगळेच आले. पॅनेलची फी तुटपुंजी असते आणि उशिरा येते, पण पक्षकार येतो.

काम कसलं येईल म्हणशील, तर सुरुवातीला अगदी बारीक. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी मिळणारे पैसे, पूर्वी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००, ते खात्यात का आले नाहीत याचं पत्र. महात्मा फुले जन आरोग्य या कॅशलेस योजनेतल्या रुग्णालयाने आधी डिपॉझिट का मागितलं याची नोटीस. (ती योजना आपल्या धुळ्यात २०१२ च्या पहिल्याच टप्प्यात आली होती, दुसऱ्या नावाने. डिपॉझिटही बहुतेक तिच्या पाठोपाठच आलं.) गुजरातेत गेलेल्या रुग्णाची नोंद तिथल्या केंद्रात वेळेवर वळती का झाली नाही, याचा अर्ज. यातला शेवटचा अर्ज तुझ्या मैत्रिणीसाठी कुणी केला नाही. तसा एक अर्ज दिल्लीत झाला होता. पाटण्याच्या १८ वर्षांच्या मुलीला बेडाक्विलिन हवं होतं, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून मिळेना. वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळालं. तिच्यासाठी तेही उशिराच ठरलं, पुढच्या वर्षी ती गेली. पण रहिवासाच्या दाखल्यावर औषध अडवता येतं का, हा प्रश्न त्या बापाने सगळ्या देशापुढे आणला.

वडिलांशी भांडू नकोस. सातपुड्यात शाळा चालवलेला माणूस आहे, मुलीने उन्हातान्हात फिरू नये असं त्यांना वाटणारच, ते स्वतः फिरलेत. त्यांना सांग की सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. (जिनिव्हातला तो करार आणि दिल्लीतला हा निकाल एकाच दिवशीचे, बघ.) तुझी दोन वर्षं झालीत. म्हणजे एक वर्ष तसंही काढायचंच आहे. ते स्वतःसाठी मागून घे. वर्ष संपल्यावर परीक्षेलाच बसावंसं वाटलं तर खुशाल बस, सातपुड्यात महिनाभर पाड्यापाड्यांवर हिंडलेला न्यायाधीश आपल्याला नको आहे असं थोडंच आहे.

त्या वर्षात पेटंट एजंटच्या परीक्षेचा अभ्यास सुरू कर. आणि या आठवड्यात फक्त एक काम. तुझ्या मैत्रिणीच्या गावाला जे आरोग्य केंद्र लागतं, त्याच्या नावाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. चार गोष्टी माग: मंजूर पदं आणि भरलेली पदं, गेल्या दोन वर्षांत टीबीच्या औषधांचा साठा कोणत्या तारखांना शून्य होता, उपचार सुरू असताना जिल्ह्याबाहेर गेलेल्या रुग्णांची संख्या, आणि त्यांतल्या कितींची नोंद दुसरीकडे वळती केली. नावं मागू नकोस, रुग्णाचं नाव मागायचं नसतं, मिळणारही नाही. 'का' असा प्रश्न विचारू नकोस, ती माहिती नव्हे असं म्हणून अर्ज परत येईल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, पोच घे, पोचेवर शिक्का नीट उमटलाय का ते तिथेच बघ.

तीस दिवसांत उत्तर आलं तर मला पाठव. आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील टाकायचं, तो मसुदा मी लिहून देईन. धुळ्याला आलीस की घरी ये, जेवायलाच ये. कळण्याची भाकरी आणि ठेचा असेल. येताना त्या केमिस्ट्रीच्या वह्या घेऊन ये, मला तो फ्युमरेट क्षार म्हणजे नक्की काय ते कुणीतरी एकदा नीट समजावून सांगायला हवंय.